हक्काचं मागणं : हिंगोली जिल्ह्यातल्या नाचांची प्रस्तावना

एकेकाळी इंग्रजी वाचकाला हिंगोली माहीत झाली ती एका प्रस्तावनेतून. मेडोज टेलर हा निजामाच्या नोकरीतला इंग्रज अधिकारी. १८३९ साली त्याने ठगाच्या कबुलीजबाबावर बेतलेली कादंबरी छापली आणि तिच्या सुरुवातीलाच हिंगोलीच्या छावणीतली हकीकत सांगितली. तिथे हरिसिंग नावाचा एक अब्रूदार व्यापारी होता. टेलरचे स्वतःचे त्याच्याशी व्यवहार झालेले. पुढे ठगांची धरपकड सुरू झाली तेव्हा उघड झालं, की हा सालस शेठ ठगांचा म्होरक्या आहे आणि त्याने छावणीत खपवलेलं कापड खून करून लुटलेलं आहे. कादंबरी विलायतेत गाजली आणि हिंगोलीचं नाव झालं ते असं.

पुढे १८६९ च्या सुमारास वऱ्हाड पोलिसांतल्या एन. आर. कंबरलेज याने बंजाऱ्यांवर एक टिपण लिहिलं. ते १८८२ मध्ये पुन्हा छापलं गेलं. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या जातिजमातींच्या खंडांतलं बंजाऱ्यांवरचं प्रकरण मुख्यतः याच टिपणावर उभं आहे. मधे १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा येऊन गेला होता. म्हणजे कयाधू-पैनगंगेच्या मुलखातली माणसं कागदावर आली ती आधी पोलिसाच्या टाचणवहीतून. पुढच्या शतकात तीच माणसं पुन्हा कागदावर आली, या वेळी महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत: बंजारा नृत्य, आठ मिनिटं, आदिवासी नृत्य, आठ मिनिटं. दोन्ही नोंदींतून एकच गोष्ट निसटली. हा नाच कुणाच्या दारात होतो, आणि ज्याच्या दारात होतो त्यानं काय द्यायचं असतं?

या संग्रहाला प्रस्तावना लिहिताना मला तोच प्रश्न पुढे ठेवायचा आहे. ताल कोणता, पावलं किती, वेश कसला हे सगळं पुढच्या पानांत सविस्तर आलं आहे आणि ते यायलाच हवं. पण हिंगोली जिल्ह्यातले नाच मी जसजसे पाहत गेलो तसतसं माझं मत पक्कं होत गेलं, की इथला जवळजवळ प्रत्येक जुना नाच हे एक मागणं आहे. भीक नव्हे, नात्यानं, मानानं, हक्कानं मागणं. जिथे मागण्याचा हक्क आणि देण्याची बांधिलकी शाबूत आहे तिथे नाच टिकला आहे. जिथे ते नातं तुटलं तिथे नुसती पावलं उरली, आणि पावलं शाळेच्या स्नेहसंमेलनातही शिकवता येतात.

जिल्ह्याची ओळख थोडक्यात करून देतो, कारण मराठवाड्याबाहेरच्या वाचकाला हिंगोली म्हटलं की औंढ्याचा नागनाथ आणि नर्सीचे नामदेव यापलीकडे फारसं आठवत नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे पाच तालुके काढून हा जिल्हा झाला. उत्तरेला पैनगंगा आणि पलीकडे विदर्भ. मधून कयाधू वाहते, दक्षिणेला पूर्णा. वसमतच्या बाजूला काळी जमीन, ऊस आणि हळद. कळमनुरी-औंढ्याच्या वरच्या अंगाला माळ, मुरूम आणि झुडपी रान. या माळावरच आंध आदिवासींची गावं आहेत आणि गावांच्या शिवेवर बंजाऱ्यांचे तांडे. निजामाच्या राज्यात हिंगोलीला फौजेची मोठी छावणी होती, त्यामुळे उत्तरेकडचे शिपाई, व्यापारी, बैरागी इथे येऊन राहिले. रामलीला मैदानावरचा हिंगोलीचा दसरा दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा सांगतो, तो याच मिश्रणातून उभा राहिलेला. इतक्या लहान जिल्ह्यात इतक्या तऱ्हेचे नाच का, याचं उत्तर या सरहद्दीच्या भूगोलात आहे.

आता होळीकडे येतो, कारण या जिल्ह्यात नाच पाहायचा तर होळीला पाहावा.

बंजाऱ्यांची होळी गावाच्या होळीबरोबर पेटत नाही. बहुतेक तांड्यांवर ती दुसऱ्या दिवशी पहाटे, उजाडायच्या बेताला पेटते. त्याआधी कितीतरी रात्री लेंगी चाललेली असते. लेंगी म्हणजे होळीचं गाणं आणि त्याबरोबरचा नाच. दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. डफाची थाप पडते, थाळी वाजते, पुरुषांचं एक रिंगण आणि बायकांचं दुसरं. एक बाजू गाऊन टोमणा मारते, दुसरी उलटवते. दीर-भावजय, मेहुणे-मेहुण्या यांच्यात एरवी जे बोलता येत नाही ते लेंगीत बोलून घेतात. शिव्या असतात, अश्लील म्हणावं असंही पुष्कळ असतं, आणि जो चिडला तो हरला. पांढरपेशा संग्राहकांनी हा भाग बहुधा गाळला, म्हणून छापील लेंगी वाचताना ती भजनासारखी वाटते. या संग्रहात तो गाळलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

होळीची कामं अंगावर घेणाऱ्या तरुण पोरांना गेरिया म्हणतात, बायकांना गेरणी. तांड्याचे प्रमुख, म्हणजे नायक आणि कारभारी, परवानगी देतात आणि मग दोन दिवस तांडा गेरियांच्या ताब्यात असतो. सगळ्यात रंगतदार प्रसंग धुंडीचा. मागच्या होळीपासून या होळीपर्यंत ज्या घरात मुलगा जन्मला त्या घरासमोर गेरिया जमतात. बाळाला मधे घेऊन त्याच्या डोक्यावर काठी आडवी धरतात आणि तिच्यावर काठ्यांचा ठोका देत आशीर्वाद गातात: मोठा हो, तांड्याच्या कामाला ये. मग अंगणात रोवलेल्या खुंटाशी बांधलेली खाऊची भांडी गेरियांनी पळवायची आणि गेरणींनी काठ्या घेऊन ती राखायची. काठ्या खऱ्या बसतात. पोरं पाठीवर वळ घेऊन हसत बाहेर पडतात. सरतेशेवटी घरोघर जाऊन गेरिया फाग मागतात. फाग द्यावाच लागतो. किती द्यायचा यावर घासाघीस होते, नाच थांबतो, पुन्हा सुरू होतो, घरधनी रुसतो, नायक मधे पडतो. जमलेल्या पैशातून सगळ्या तांड्याचं जेवण होतं.

आता यातला नाच नेमका कोणता? रिंगण हा नाच आहे हे कुणीही सांगेल. पण काठ्या चुकवत खुंटाकडे जाणारी पावलं, फागासाठी दारात धरलेला फेर, घासाघिशीच्या वेळी मुद्दाम लांबवलेली डफाची थाप हे सगळं त्याच नाचाचे अवयव आहेत. मंचावर जातं ते फक्त रिंगण. मुलगा जन्मलेलं घर मंचावर नसतं, म्हणून आशीर्वाद कुणाला द्यायचा हे नाचणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

(मुलगाच का, मुलीची धुंड का नाही, हा प्रश्न बंजारा समाजातल्या शिकलेल्या मुली आता विचारू लागल्या आहेत. परंपरेच्या नावाखाली तो दडपू नये. मागण्याचा हक्क सांगणारी परंपरा हा प्रश्नही पेलेल.)

बायकांचा नाच पुरुषांहून वेगळा आहे आणि त्याचं एक कारण अंगावरच्या वजनात आहे. फेटिया म्हणजे घागरा, कांचळी म्हणजे चोळी, टुकरी म्हणजे ओढणी, कपाळाच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या घुगऱ्या, दंडापर्यंत बलिया म्हणजे बांगड्या. आरसे आणि कवड्या शिवलेला भरगच्च फेटिया घालून उड्या मारता येत नाहीत. म्हणून पाऊल आखूड पडतं, कमरेतून वाकून टाळी, मग ताठ होऊन अर्धी गिरकी, आणि दागिन्यांचा आवाज हाच ताल. आता तांड्यावरच्या तरुण मुली साडी किंवा पंजाबी ड्रेस वापरतात आणि फेटिया आजीच्या पेटीत असतो. साडीवर तोच नाच केला की तो हलका दिसतो, कारण खरोखरच त्यातलं वजन उतरलेलं असतं. कार्यक्रमापुरते भाड्याने आणलेले चकचकीत घागरे मात्र मला पाहवत नाहीत. त्यापेक्षा साडी बरी.

तीजेचा नाच पूर्णपणे कुमारिकांचा. श्रावणात नायकाची परवानगी घेऊन मुली बांबूच्या टोपल्यांत वारुळाची माती आणि खत घालून गहू पेरतात. नऊ दिवस पाणी घालायचं, रात्री टोपल्यांभोवती फेर धरून गायचं. शेवटी वाहत्या पाण्यात विसर्जन होतं आणि गव्हाचे पिवळट-हिरवे कोंब वडीलधाऱ्यांच्या पागोट्यात खोवले जातात. पुढच्या वर्षी लग्न होऊन तांडा सोडणाऱ्या मुलीची ही शेवटची तीज असते, आणि गाणी बहुतांशी तिच्याच मनातली असतात. दिवाळीच्या अमावास्येला, जिला बंजाऱ्यांच्या गोरबोलीत काळी मावस म्हणतात, याच मुली हातात दिवे घेऊन आधी नायकाच्या आणि मग प्रत्येकाच्या घरी मेरा मागायला जातात. म्हणजे होळीला पोरं फाग मागतात आणि दिवाळीला पोरी मेरा. वर्षाची दोन टोकं मागण्यानं बांधलेली. तांडा एकेकाळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख तुडवत होता. रेल्वे आणि पक्के रस्ते आले तसा तो धंदा बुडाला आणि बंजारा मंडळी माळावर स्थिरावली. फिरस्तीच्या काळात तांडा हेच गाव, तांडा हीच पंचायत. कुणाच्या घरी जन्म झाला, कोण सासरी जाणार, कुणाची कुणाशी अबोला-भांडणं आहेत, हे घरोघरच्या या फेरीत समजायचं आणि मिटायचंही.

माळाच्या दुसऱ्या बाजूला आंधांची दंडार आहे.

आंध या जमातीची अडचण अशी, की ती कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. त्यांची भाषा मराठी. शेती शेजारच्या कुणब्यासारखी. देवही मारुती-खंडोबा. निजाम राज्यातल्या जातिजमातींवर सय्यद सिराज-उल-हसन यांनी १९२० मध्ये काढलेल्या ग्रंथात आणि रसेल-हिरालाल यांच्या खंडांत आंधांवर प्रकरणं आहेत, पण वरताटी-खालताटी या पोटविभागांची, देवकांची आणि लग्नाच्या चालीची नोंद झाली की लेखकांचा रस संपतो. पुढच्या काळात महाराष्ट्रात आदिवासी नृत्य म्हणजे तारपा असं समीकरण झालं. आदिवासी असला तर त्याच्या डोक्यात मोरपीस हवं, अंग रंगवलेलं हवं, ही आयोजकांची अपेक्षा. आंधाच्या डोक्याला रुमाल, अंगात सदरा, कमरेला धोतर. कळमनुरीला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, आश्रमशाळा आहेत. पण तिथल्या संमेलनात मुलं कोकणातला किंवा मेळघाटातला नाच बसवताना दिसली की मला आश्चर्य वाटत नाही, वाईट वाटतं. घरची दंडार त्यांना नाच म्हणून दाखवावीशी वाटत नाही.

दंडार पुरुषांची. पावसाळा सरत येतो, पिकं उभी असतात, रात्री मोकळ्या असतात, तेव्हा ती सुरू होते आणि दिवाळीत तिचा भर येतो. ढोलकी, टाळ, हातात टिपऱ्या, गोल रिंगण. एखाद-दोन पोरं लुगडं नेसून बाईचं सोंग घेतात. मधेच नाच थांबवून दोघेजण बोलू लागतात: सावकार आणि कुळ, सासू आणि सून, अलीकडे ग्रामसेवक आणि लाभार्थी. हशा पिकला की पुन्हा टिपऱ्या. पूर्व विदर्भात दंडार या नावाने जी नाट्यपरंपरा झाडीपट्टीत वाढली तिच्याशी हिचं नातं कुणीतरी नीट तपासायला हवं. सोंग आणि नाच यांचं प्रमाण दोन्हीकडे उलट आहे: तिकडे नाटकात नाच, इकडे नाचात नाटक.

दंडारीचं मागणं समजून घ्यायला पैनगंगेच्या काठाने पूर्वेकडे, किनवट-माहूर ओलांडून आदिलाबादेत जावं लागतं. तिथल्या गोंड आणि कोलामांची दंडारी दिवाळीच्या आधी सुरू होते. तिच्यातले गुसाडी मोरपिसांचे भारदस्त मुकुट घालतात, अंगाला राख फासतात, हातात काठी घेतात. एका गावची दंडारी दुसऱ्या गावी पाहुणी जाते, आणि ते गाव बहुतेक सोयरिकीचं असतं: जिथून सुना आणता येतात, जिथे लेकी देता येतात असं. यजमान गाव सगळ्यांना जेवू घालतं, रात्रभर नाच होतो, पुढे परतफेडीची भेट होते. बाबेझरीत गोंड पुढारी कोमरम भीमचा उठाव दडपला गेल्यानंतर निजाम सरकारने ज्याला या भागात अभ्यासाला आणलं त्या क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने मारलवाई गावात राहून गोंडांच्या जीवनाविषयी लिहिलं. त्याचा ग्रंथ १९४८ मध्ये आला. त्याच मारलवाईचे कनकराजू यांना गुसाडी नाचासाठी २०२१ चा पद्मश्री जाहीर झाला. २०२४ मध्ये ते वारले. एका गावाला अभ्यासक मिळाला, पुरस्कार मिळाला, आणि दीडदोनशे किलोमीटरवरच्या आंधांच्या दंडारीला दोन्ही मिळाले नाहीत. हा निव्वळ योगायोग आहे, पण लोककलांच्या इतिहासात असे योगायोगच पुढे परंपरा ठरतात.

आंधांची दंडार गुसाडीइतकी देखणी नाही हे मान्य करतो. तिची गंमत बोलण्यात आहे. पण पाहुणी जाण्याची रीत तिच्यातही ओळखू येते: शेजारच्या गावाला निरोप जातो, पाहुण्यांना ओवाळतात, चहापाणी-जेवण होतं, नारळ आणि काही रक्कम हातावर ठेवली जाते. ती रक्कम मोठी नसते. मोठी असावी अशी कुणाची अपेक्षाही नसते.

पंचमीच्या फेराविषयी फार लिहीत नाही, कारण नागपंचमीला झोके आणि फेर हे सगळ्या मराठवाड्याचं आहे, एकट्या हिंगोलीचं नाही. माहेरी आलेल्या लेकी फेर धरतात आणि गाण्यांतून भावाकडे, बापाकडे मागणं घालतात, एवढं इथे नोंदवतो. वासुदेव, वाघ्या-मुरळी, माहूरच्या रेणुकेचे गोंधळी हेही या जिल्ह्यात येतात-जातात, त्यांच्यावर रा. चिं. ढेरे आणि प्रभाकर मांडे यांनी इतकं लिहून ठेवलं आहे, की त्यात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही. नर्सीच्या नामदेवांचा उल्लेख मात्र करायला हवा. कीर्तनात उभं राहून नाचण्याची ओढ ज्या संताने इतक्या मोकळेपणी व्यक्त केली तो या जिल्ह्याचा आहे, आणि तरीही वारकरी पावल्यांना इथले लोक नाच म्हणत नाहीत. का म्हणत नाहीत यावर स्वतंत्र लेख होईल.

आता पोतराज. इथे माझ्या मांडणीला खरी अडचण येते, आणि ती टाळली तर ही प्रस्तावना खोटी ठरेल.

पोतराजही दारात येऊन मागतो. कमरेला चिंध्यांचा घेर, हातात आसूड, डोक्यावर मरीआईचा गाडा घेतलेली बायको, आणि स्वतःच्या अंगावर ओढलेले फटके. मागण्याच्या हक्काचं एवढं कौतुक मी करतो आहे, तर मग हेही मागणंच आहे. पण गेरिया ज्याच्या दारात फाग मागतो त्याच्याच पोराचा पुढच्या वर्षी गेरिया होणार असतो. आज देणारा उद्या मागतो. दंडारीचं यजमान गाव पुढे पाहुणं होतं. पोतराजाच्या दारात ही उलटापालट कधीच होत नाही. देणारा कायम देणारा आणि अंगावर फटके ओढून घेणारा कायम मागणारा. गावकीच्या कामात वाजवणं, नाचणं, मेलेलं जनावर ओढणं ही कामं ज्यांच्या वाट्याला जातीनं आली होती त्यांनी बाबासाहेबांच्या सांगण्यावरून ती सोडली, १९५६ च्या धर्मांतरानंतर आणखी ठामपणे सोडली, तेव्हा काही कलाही सुटल्या. त्याचं दुःख करणारे लेख मी वाचले आहेत. मला ते पटत नाहीत. जो नाच सोडल्यानं माणूस ताठ उभा राहतो तो नाच गेलेला बरा. पोतराजावरचं टिपण या संग्रहात आहे ते नोंद म्हणून. त्याचं पुनरुज्जीवन व्हावं अशी माझी इच्छा नाही.

म्हणून मागण्याची कसोटी मी अशी लावतो: देणारा आणि मागणारा जागा बदलू शकतात का? बदलत असतील तर त्या नाचाला उद्या आहे.

मंचाने काय केलं हे या कसोटीवर पाहावं. १९८०च्या दशकाच्या मध्यात देशभर क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रं निघाली, नागपूरला दक्षिण मध्य केंद्र आलं, सरकारी महोत्सव वाढले. त्याचा फायदा नाकारता येत नाही. तांड्यावरचं पथक दिल्लीला गेलं, मानधन मिळालं, गावात ज्यांना पाटलाच्या ओट्यावर बसू देत नव्हते त्यांचा फोटो पेपरात आला. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवी या बंजाऱ्यांच्या तीर्थक्षेत्री बंजारा विरासत नंगारा संग्रहालयाचं उद्घाटन झालं. हिंगोलीच्या तांड्यांवरून दर्शनाला जाणाऱ्यांना आता आपला फेटिया काचेमागे मांडलेला पाहता येतो. लेंगीच्या स्पर्धा होतात, रोख बक्षिसं असतात, यूट्यूबवर डीजेच्या ठेक्यावरची लेंगी ऐकली जाते. हे सगळं भ्रष्ट झालं म्हणून नाक मुरडणं सोपं आहे. पण स्पर्धेत देणारा परीक्षक असतो आणि मागणारा स्पर्धक. त्यांच्या जागा बदलत नाहीत, एवढंच माझं म्हणणं.

हा पेच आपला एकट्याचा नाही. चीनच्या युन्नान आणि सिचुआन प्रांतांतले यी लोक, संख्येने जवळपास एक कोटी, त्यांच्या पंचांगातल्या सहाव्या महिन्यात मशालींचा सण करतात. पेटत्या मशाली घेऊन शेतांभोवती फिरतात, म्हणजे पिकावरची कीड जाते, आणि रात्री आगीभोवती फेर धरून नाचतात. यींच्याच आशी शाखेचा मोठ्या तंतुवाद्याच्या साथीवर उड्या घेत नाचायचा तरुण-तरुणींचा नाच प्रसिद्ध आहे. ओळखी आणि लग्नं जमण्याची ती जागा. १९४६ च्या मे महिन्यात कवी वेन यिदुओ आणि इतरांच्या मदतीने डोंगरातले यी कलावंत कुनमिंग शहरात आले आणि तिकडच्या सुशिक्षितांनी हा नाच पहिल्यांदा रंगमंचावर पाहिला. लोक भारावले. दोन महिन्यांत वेन यिदुओ यांची राजकीय हत्या झाली, पण नाच मंचावर राहिला, पुढे सरकारी पथकांत गेला, पर्यटनात गेला. डोंगरातल्या गावात तो ज्यासाठी होता ते लग्न जुळवणं मात्र मंचावर नेता आलं नाही. आपल्याकडे कालबेलियाला २०१० मध्ये आणि गरब्याला २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. लेंगीलाही कधी मिळो, माझी हरकत नाही. यादीत नाव आलं म्हणून फाग कुणी जास्त देत नाही, हे लक्षात ठेवून आनंद करावा.

खरा धोका मंचाचा नाहीच, कोयत्याचा आहे. ऊसतोडीचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि फाल्गुनापर्यंत, कधी त्याहून पुढे जातो. मुकादमाकडून उचल घेऊन जोडपी कारखान्याच्या फडावर निघाली की माळावरच्या तांड्यात म्हातारी आणि शाळकरी पोरं उरतात. काळी मावस याच काळात, होळीही याच काळात. मेरा मागणारी मुलगी आईबरोबर पाचटाच्या कोपीत असेल तर तांड्यावर दिवा कोण नेणार? काही टोळ्या फडावरच होळी करतात, डफ नसला तर पातेलं वाजवतात. पण फाग कुणाकडे मागायचा? मुकादमाकडे? त्याच्याकडची उचल आधीच डोक्यावर आहे. नाच जगवायच्या योजना आखणाऱ्यांनी संस्कृती खात्याइतकंच लक्ष या जिल्ह्यातल्या हिवाळी रोजगाराकडे आणि पाण्याकडे द्यावं. हळदीने वसमतचं नाव झालं, वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं; माळावर मात्र पाणी चढलं नाही, आणि नाच करणारे हात तिथेच आहेत.

एक नाजूक गोष्ट राहिली. २०२५ च्या सप्टेंबरात निजामकाळातल्या हैदराबाद गॅझेटचा आधार घेत बंजारा समाजाने अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी मोर्चे काढले, आणि आदिवासी संघटनांनी त्याविरुद्ध. अशा दिवसांत आंधांची दंडार आणि बंजाऱ्यांची लेंगी एका बासनात बांधल्याबद्दल दोन्हीकडून विचारणा होईल. आरक्षणाचा निवाडा करणं हे या संग्रहाचं काम नव्हे आणि नाचावरून तो होऊही नये. जमात ठरवायला नाच दाखवावा लागणं यासारखा अपमान नाही. दोन्ही समाज एकाच माळावर, एकाच पावसावर जगतात, म्हणून ते इथे शेजारी आहेत.

वाचकांना काही विनंत्या करतो. तुमच्या घरी जुन्या कॅसेट, फोनमधल्या चित्रफिती, आजीच्या आवाजातली तीजेची गाणी असतील तर ती जपा आणि त्यावर तारीख, तांडा किंवा गाव, गाणाऱ्याचं नाव आणि प्रसंग लिहून ठेवा. नावाशिवायची चित्रफीत दहा वर्षांनी कुणाच्याच उपयोगाची राहत नाही. आश्रमशाळेतल्या शिक्षकांनी पुढच्या संमेलनाला बाहेरचा नाच बसवण्याआधी गावातल्या दंडारवाल्याला एकदा बोलवावं आणि त्याला येण्या-जाण्याचं भाडं आणि दिवसाची मजुरी द्यावी. होळीला तांड्यावर जायचं असेल तर आधी नायकाला निरोप द्या, पहाटे उजाडायच्या आत पोहोचा, कॅमेरा काढायच्या आधी विचारा. आणि गेरियांनी तुमच्यापुढे फेर धरला तर पाहुणा आहे म्हणून सुटका होईल असं समजू नका; फाग द्या, पण घासाघीस केल्याशिवाय देऊ नका.